नोवा हुता: चर्च नसलेल्या शहरात क्रूस कसा टिकला

1949 साली पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारनं क्राकूव शहराच्या पूर्वेला एक अवाढव्य पोलाद कारखाना आणि त्याच्या कामगारांसाठी एक अख्खं नवं शहर उभारायला घेतलं. शहराचं नाव नोवा हुता. मध्यवर्ती चौकातून निघणारे रुंद रस्ते, कमानींच्या इमारती, शाळा, दवाखाने, पाळणाघरं, नाट्यगृह, बागा असं सगळं आराखड्यात होतं. चर्च मात्र नव्हतं. आणि हे अशा देशात, जिथं युद्धानंतर दर दहा माणसांमागे नऊहून अधिक कॅथलिक होती.

पुढच्या चाळीस वर्षांत या एका शहरात राज्य आणि श्रद्धावंत यांच्यात जे घडलं, ते कम्युनिस्ट राजवट आणि धर्म यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यानं बारकाईनं पाहावं असं मला मनापासून वाटतं. "नास्तिक राज्य विरुद्ध आस्तिक जनता" ही सोपी मांडणी इथं फार काळ टिकत नाही. देव आहे की नाही, यावर नोवा हुतात कधीच भांडण झालं नाही. भांडण झालं ते परवानगीवरून. जमीन कोणाची, तिच्यावर काय बांधायचं हे ठरवणार कोण, दिलेली परवानगी काढून घेता येते का, आणि ज्यांच्या नावानं राज्य चालतं त्या कामगारांनीच मागितली तर ती नाकारायची कशी? नातं बदललं ते या प्रश्नांवर.

जागा आणि माणसं

क्राकूव हे जुनं विद्यापीठाचं, सनातनी वळणाचं शहर. त्याला धडा शिकवण्यासाठीच शेजारी कामगारांचं शहर वसवलं, असं अनेकदा सांगितलं जातं. यात तथ्य असेलही, पण पाणी, रेल्वे, सपाट जमीन आणि खेड्यांतलं मनुष्यबळ ही कारणंही तितकीच भक्कम होती. एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. ही जागा काही देवाविना मोकळी पडलेली नव्हती. जी खेडी आणि सुपीक शेतं घेऊन शहर उभं राहिलं, त्यांतल्या मोगिवा इथं तेराव्या शतकापासून सिस्टर्शियन संन्याशांचा मठ होता आणि तो तिथंच राहिला. म्हणजे "चर्चविना शहरा"च्या वेशीवर चर्च होतंच. पण दूरच्या वसाहतींमधल्या हजारो कुटुंबांना ते पुरणार कसं?

ही कुटुंबं खेड्यांतून आली होती. तरुण मुलं बरॅकीत राहिली, विटा वाहिल्या, भट्टीवर काम शिकली, लग्न करून नव्या घरात राहायला गेली. नव्या राज्यानं त्यांना नळाचं पाणी, पगार आणि शिक्षण दिलं, आणि त्यांनी ते आनंदानं घेतलं. त्याबरोबर देव सोडायचा असतो हे मात्र त्यांनी मानलं नाही. मराठी वाचकाला हे समजायला गिरणगाव आठवणं पुरेसं आहे: लाल बावट्याखाली संपावर जाणारा गिरणी कामगार संध्याकाळी चाळीतल्या भजनात टाळ घेऊन बसायचा आणि त्याला त्यात विसंगती दिसत नसे. फरक इतकाच, की मुंबईत त्याला यांतलं एक निवड म्हणून दरडावणारं राज्य नव्हतं. नोवा हुतात होतं.

राज्याची बदलती गणितं

कारखान्याला 1954 मध्ये लेनिनचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी पहिली झोत भट्टी पेटली. त्या वेळी देशातलं राज्य आणि चर्च यांचं नातं तळाला गेलेलं होतं. एप्रिल 1950 मध्ये सरकार आणि बिशप यांच्यात लेखी समझोता झाला होता: चर्चनं राज्याचा अधिकार मानायचा, राज्यानं शाळांतलं धर्मशिक्षण आणि उपासना चालू द्यायची. फेब्रुवारी 1953 मध्ये सरकारनं हुकूम काढला, की चर्चमधल्या नेमणुका यापुढे सरकारच्या मंजुरीनं होतील. बिशपांनी मे महिन्यात ठाम नकार कळवला. सप्टेंबरमध्ये पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल स्टेफान विशिन्स्की यांना खटला न चालवता स्थानबद्ध केलं गेलं. ते तीन वर्षं पहाऱ्यात होते.

ऑक्टोबर 1956 मध्ये चित्र पालटलं. पोझनान शहरातल्या कामगारांवर त्या जूनमध्ये गोळीबार झाला होता, पक्षाची पत गेली होती, सोव्हिएत रणगाड्यांची भीती होती. व्लादिस्लाव गोमुल्का पक्षाचे प्रमुख म्हणून सत्तेवर आले आणि त्यांना देश शांत ठेवायचा होता. विशिन्स्की महिनाअखेरीस सुटले. शाळांत ऐच्छिक धर्मशिक्षण परत आलं. जानेवारी 1957 च्या निवडणुकीत बिशपांनी लोकांना मतदान करायला सांगितलं, त्याचा फायदा गोमुल्कांना झाला. हा व्यवहार होता आणि दोन्ही बाजूंना तो ठाऊक होता.

नोवा हुताच्या रहिवाशांनी हीच वेळ साधली. त्यांचं शिष्टमंडळ वॉर्साला गेलं आणि त्यांना चर्चचं आश्वासन मिळालं. तेआत्राल्ने वसाहतीत, कार्ल मार्क्स आणि मायकोव्हस्की यांची नावं असलेल्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर जागा ठरली. 17 मार्च 1957 रोजी तिथं लाकडी क्रूस उभा राहिला. चर्चच्या आराखड्यासाठी स्पर्धाही झाली.

मग गोमुल्कांचे पाय घट्ट रोवले गेले. चर्चच्या पाठिंब्याची गरज संपली आणि परवानगी मागे घेतली गेली. त्या जागेवर आता शाळा होईल, असं ठरलं. त्या काळात पोलिश राज्याच्या सहस्रकानिमित्त देशभर हजार शाळा बांधायची मोहीम चालू होती आणि चर्चच्या जागेवर शाळा हे उत्तर पक्षाला फार चपखल वाटलं असणार. शाळेला विरोध करणार तरी कोण?

27 एप्रिल 1960

सकाळी काही कामगार क्रूस उपटायला आले. खोदायला सुरुवात झाल्यावर आधी आजूबाजूच्या घरांतल्या बायका धावून आल्या. पुरुष कारखान्यात होते. बायकांनी ओरडा केला, मातीची ढेकळं फेकली आणि खोदणाऱ्यांना पिटाळलं. मग त्या क्रूसाभोवती उभ्या राहून प्रार्थना आणि गाणी म्हणू लागल्या. फुलं आली, मेणबत्त्या आल्या. दुपारी कारखान्याची पाळी सुटली आणि हजारो कामगार घराकडे न जाता थेट कोपऱ्यावर आले.

त्यानंतर ती केवळ प्रार्थनासभा राहिली नाही. मिलिशियानं, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले. लोकांनी दगड उचलले. जमाव नगरपरिषदेच्या इमारतीकडे वळला आणि तिची नासधूस झाली. रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर धुमश्चक्री चालली, गोळ्याही झाडल्या गेल्या. जवळपास 500 जणांना पकडलं, 87 जणांना शिक्षा झाल्या. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. नोवा हुतात नोकरी जाणं म्हणजे घर, पाळणाघर, ओळख सगळंच जाणं.

क्रूस मात्र राहिला. शाळा बांधली गेली, पण थोडी बाजूला. राज्यानं रस्ता जिंकला, खटले जिंकले, परवानगी दिली नाही. तरीही तो लाकडी क्रूस पुन्हा उपटायची हिंमत केली नाही. पुढची सगळी वर्षं तो तिथं उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो कशामुळे टिकला हे माहीत होतं. माझ्या मते या प्रकरणाची कलाटणी इथं आहे. आपण दिलेली परवानगी आपण काढून घेऊ शकतो, हा राज्याचा समज त्या दिवशी तुटला. आणि तो तोडणारे जमीनदार नव्हते, जुने सरदार नव्हते. ते लेनिनच्या नावाच्या कारखान्यातले पोलाद कामगार आणि त्यांच्या बायका होत्या.

पक्षाच्या अहवालांना हे पचणं कठीण होतं. अशा वेळी "गुंड", "चिथावणीखोर", "मागासलेल्या बायका" हे शब्द कामी येतात. पण कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि स्थानिक पक्षसमितीला त्या गर्दीतले चेहरे ओळखीचे होते.

उघड्यावरची मिस्सा

कारोल वोय्तिवा 1958 पासून क्राकूवचे सहायक बिशप होते. 1959 च्या नाताळपासून त्यांनी नोवा हुतात मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, उघड्यावर म्हणायला सुरुवात केली. डिसेंबरची पोलिश रात्र, शून्याखालचं तापमान, पायाखाली बर्फ, आणि समोर मुलाबाळांसह उभी असलेली हजारो माणसं. वर्षानुवर्षं हे चाललं.

या पद्धतीतलं शहाणपण लक्षात घ्यायला हवं. दंगल मोडता येते, तिला नाव ठेवता येतं. थंडीत उभं राहून गाणाऱ्या माणसांचं काय करायचं? छप्पर न देणारं राज्य दर नाताळात जगासमोर उघडं पडत होतं. वोय्तिवा यांनी 1960 च्या दंगलीचा झेंडा खांद्यावर घेतला नाही. त्यांनी अर्ज केले, पुन्हा अर्ज केले, वाटाघाटी केल्या, आणि अर्जामागे माणसं उभी आहेत हे दिसत ठेवलं.

इथं एक तपशील राज्याच्या अंदाजांबद्दल बरंच सांगतो. क्राकूवच्या आर्चबिशपपदासाठी सरकारची संमती लागत असे. काही नावं सरकारनं नाकारली. वोय्तिवा यांच्या नावाला मात्र हरकत घेतली नाही. हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, कवी, राजकारणात न रमणारा माणूस आपल्याला विशिन्स्कींपेक्षा सोपा जाईल, असा त्यांचा हिशेब होता. 1964 मध्ये ते आर्चबिशप झाले, 1967 मध्ये कार्डिनल.

दरम्यान देशपातळीवर हात आवळला गेला होता. 1961 मध्ये शाळांतलं धर्मशिक्षण कायद्यानं बंद झालं. सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांतल्या, मुलांना सक्तीच्या लष्करी सेवेत ओढलं जाई. गृहखात्यात 1962 मध्ये चर्चवर नजर ठेवणारा वेगळा विभाग निघाला आणि प्रत्येक धर्मगुरूची फाईल उघडली गेली. 1966 मध्ये पोलंडच्या ख्रिस्तीकरणाला हजार वर्षं झाली, तेव्हा राज्यानं आणि चर्चनं समोरासमोर आपापले सोहळे केले. देशभर फिरणारी चेंस्तोहोवाच्या मातेच्या, म्हणजे पोलिश लोकांना अतिपूज्य असलेल्या मरियेच्या, तसबिरीची प्रत पोलिसांनी अडवली. धर्मग्रामांनी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चच्या समुदायांनी, मग रिकामी चौकट मिरवली आणि लोक त्या रिकाम्या चौकटीपुढे गुडघे टेकून बसले.

परवानगी, दुसऱ्यांदा

अशा तंग वातावरणात, 13 ऑक्टोबर 1967 रोजी, नोवा हुताला चर्चची परवानगी मिळाली. ती तेआत्राल्नेच्या क्रूसाच्या जागी नव्हती. बिएन्चित्से या भागात, जिथं एका लहानशा चॅपलबाहेर लोक पावसापाण्यात उभे राहत होते, तिथं ती मिळाली. दुसऱ्याच दिवशी वोय्तिवा यांनी स्वतः फावडं हातात घेऊन पाया खणायला सुरुवात केली.

राज्य तेव्हा का झुकलं? माझं उत्तर असं: बिएन्चित्सेत नव्या वसाहती भराभर उभ्या राहत होत्या, चॅपलबाहेरची गर्दी वाढत होती आणि परवानगी न देण्याची किंमत दर रविवारी वाढत होती. दुसऱ्या जागेवर परवानगी दिली की 1960 ची माघार मान्य केल्यासारखं दिसत नव्हतं. चर्चनंही ती तडजोड स्वीकारली. ज्या कोपऱ्यासाठी माणसं तुरुंगात गेली तो कोपरा सोडून देणं सोपं नव्हतं, आणि तिथल्या लोकांना ते लागलं असेल तर त्यात नवल नाही.

परवानगी म्हणजे इमारत नव्हे. सिमेंट, पोलाद, यंत्रं, ठेकेदार हे सगळं राज्याच्या हातात होतं. त्यामुळे बांधकामाला दहा वर्षं लागली. वास्तुशिल्पी होते वोयचेख पिएत्शिक, काम तडीस नेणारे धर्मगुरू फादर युझेफ गोझेलानी. यंत्रं मिळायची मारामार, म्हणून बरंचसं काम हातांनी झालं. कामगार पाळी संपवून फावडं मारायला येत. देशातून आणि परदेशातूनही स्वयंसेवक आले. पोप सहावे पॉल यांनी रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकातून दगड पाठवला, तो 1969 मध्ये पायात बसवला. भिंतींना बाहेरून नदीतले गोटे लावायचं ठरलं आणि देशभरातून लोकांनी ते गोळा करून पाठवले, सुमारे 20 लाख. राज्यानं साहित्य अडवलं म्हणून लोकांचा सहभाग वाढला. सरकारनं ट्रक भरून सिमेंट दिलं असतं तर हे चर्च इतकं लोकांचं झालं नसतं असं मला वाटतं.

इमारतीचा आकार लाटेवर चढलेल्या नौकेसारखा आहे आणि मधोमध 70 मीटर उंचीची डोलकाठी क्रूस घेऊन उभी आहे. लोक तिला "आर्का पाना", प्रभूची नौका म्हणतात. आत मरियेची एक मूर्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या शरीरातून काढलेल्या बॉम्बच्या तुकड्यांपासून ती घडवली आहे.

या मूर्तीपाशी थोडं थांबायला हवं. मोन्ते कासिनोला लढलेलं सैन्य जनरल अँडर्स यांचं. त्यातली बरीच माणसं स्टालिननं सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेली. 1941 नंतर सुटून इराणमार्गे बाहेर पडलेली. अशाच हद्दपार कुटुंबांमधली सुमारे 5,000 माणसं, बहुतेक स्त्रिया आणि मुलं, 1943 ते 1948 दरम्यान कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. तिथंही त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. युद्धानंतर त्यांतल्या अनेकांनी कम्युनिस्ट पोलंडला न परतता इंग्लंड आणि इतर देशांची वाट धरली. नव्या सरकारनं अँडर्स यांचं नागरिकत्व 1946 मध्ये काढून घेतलं होतं. ज्या सैन्याची आठवण अधिकृत इतिहासाला अडचणीची होती, त्याच्या जखमांतलं लोखंड नोवा हुताच्या चर्चमध्ये मरियेची मूर्ती होऊन उभं राहिलं. आपला इतिहास कुठं ठेवायचा हे लोकांनी ठरवलं होतं, आणि चर्चचं छप्पर हे त्यासाठीचं एकमेव मोठं, राज्याच्या मालकीचं नसलेलं छप्पर होतं. धर्माचं बळ केवळ श्रद्धेचं नव्हतं, ते इथून येत होतं.

15 मे 1977 रोजी, भर पावसात, वोय्तिवा यांनी या चर्चचं अभिषेकार्पण केलं. सतरा महिन्यांनी ते जॉन पॉल दुसरे या नावानं पोप झाले.

चर्चच्या छपराखाली

तोवर सरकारचं धोरण पुन्हा बदललं होतं. 1970 मध्ये पक्षाच्या प्रमुखपदी आलेले एडवर्ड गिएरेक यांना पश्चिमेकडून कर्ज हवं होतं आणि घरात शांतता हवी होती. त्यांनी डिसेंबर 1977 मध्ये व्हॅटिकनला जाऊन पोपची भेट घेतली. पण जून 1979 मध्ये जॉन पॉल दुसरे मायदेशी आले तेव्हा त्यांना नोवा हुताच्या मधोमध जायला सरकारनं मनाई केली. पोपनं लेनिन कारखान्याच्या कामगारांना त्यांच्याच शहरात भेटणं फार महागात पडलं असतं. मग ते वेशीवरच्या मोगिवाच्या मठात गेले आणि शहर चालत तिथं आलं. नोवा हुताच्या क्रूसापासून नव्या सुवार्ताप्रसाराची सुरुवात झाली, असं ते तिथं म्हणाले. क्रूस आणि माणसाचे श्रम यांची फारकत करता येत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. मार्क्सवादी राज्याला श्रमाच्या भाषेतच दिलेलं हे उत्तर होतं.

पुढच्या वर्षी सॉलिडॅरिटी ही सरकारपासून स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि लेनिन कारखाना तिच्या मोठ्या गडांपैकी एक झाला. 13 डिसेंबर 1981 ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. दर महिन्याच्या 13 तारखेला आर्का पानामधून मिस्सा संपवून मोर्चे निघू लागले. दाराबाहेर पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर तयार असे. 13 ऑक्टोबर 1982 रोजी चर्चजवळ बोगदान व्वोशिक या 20 वर्षांच्या कामगाराला सुरक्षा खात्याच्या साध्या वेशातल्या अधिकाऱ्यानं गोळी घातली. त्याच रात्री तो गेला. त्याच्या अंत्यविधीला हजारो लोक आले. चर्चसमोर आज त्याचं स्मारक आहे.

या काळात चर्च एका सुरात बोलत नव्हतं, हेही सांगायला हवं. विशिन्स्कींनंतर चर्चचे प्रमुख झालेले युझेफ ग्लेम्प रक्तपात टाळण्यासाठी फार जपून बोलत आणि त्याबद्दल अनेक कामगार त्यांच्यावर नाराज होते. नोवा हुताच्याच मिस्चेयोवित्से भागात मात्र फादर काझिमिएश यांचार्श दर गुरुवारी मातृभूमीसाठी मिस्सा म्हणत आणि चर्चच्या तळघरात बंदी घातलेल्या सॉलिडॅरिटीची माणसं व्याख्यानं, नाटकं, वर्ग चालवत. त्यांतल्या सगळ्यांची श्रद्धा होती असं नाही. अनेकजण आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आले ते या बैठकांसाठी.

1988 च्या वसंतात कारखान्यात मोठा संप झाला आणि पोलिसांनी तो रात्री आत घुसून मोडला. पण तोवर राज्याकडे पैसा नव्हता आणि मॉस्कोकडून आधार नव्हता. 1989 च्या गोलमेज परिषदेत सरकार आणि विरोधक समोरासमोर बसले तेव्हा चर्चचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून हजर होते. त्याच वर्षी 17 मे रोजी संसदेनं चर्चला कायदेशीर व्यक्तित्व देणारा कायदा केला. चाळीस वर्षं अर्जावर अर्ज करणारी संस्था आता कायद्यानं मालमत्ता बाळगू शकत होती, बांधू शकत होती. हा कायदा कम्युनिस्ट सरकारनंच, जूनच्या निवडणुकीच्या अडीच आठवडे आधी, मंजूर करून घेतला.

नंतरचं नातं

डिसेंबर 1989 मध्ये नोवा हुतातला लेनिनचा पुतळा उतरवला गेला. तेआत्राल्नेच्या कोपऱ्यावर, क्रूसाशेजारी, अखेर चर्चही उभं राहिलं. पण राज्य आणि चर्च यांच्यातला तोल आता उलट बाजूला कलू लागला. 1990 मध्ये नव्या लोकशाही सरकारनं धर्मशिक्षण शाळांत परत आणलं, तेही संसदेत चर्चा न करता, मंत्रालयाच्या सूचनेनं. 1993 मध्ये गर्भपातावर कडक निर्बंध आले. मार्शल लॉच्या दिवसांत चर्चच्या तळघरात बसून पत्रकं छापणाऱ्यांपैकी कित्येकजण या निर्णयांच्या विरोधात उभे राहिले. कालपर्यंत ज्या छपराखाली ते सुरक्षित होते, त्याच छपराखालून आता आपल्यासाठी कायदे ठरत आहेत, ही त्यांची तक्रार होती आणि ती मला रास्त वाटते. राज्याच्या परवानगीवाचून जगायला शिकलेल्या संस्थेला राज्याची सत्ता वापरायला मिळाली, आणि पोलंडमधली आजची बरीच भांडणं तिथून सुरू झाली आहेत.